बालवाडीतील खेळाचा तास बारमाही चालावा

बालवाडीत खेळाचा तास सुरू करणे अवघड नसते. तो वर्षभर टिकवणे अवघड असते. जबलपुरात पावसाळ्यात अंगणात चिखल होतो, एप्रिलपासून दुपारचे तापमान ४० अंशांकडे चढू लागते आणि खेळ थांबतो. थांबलेला तास पुष्कळदा अक्षरे गिरवण्यात जातो. पालकांचीही त्याला हरकत नसते. ती असावी, असे आमचे सांगणे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी. त्यांपैकी ६० मिनिटे तरी धावणे-उड्या मारणे यांसारखी, दम लागेल अशी असावीत. पडद्यासमोर बसणे एका तासाहून अधिक नसावे; झोप १० ते १३ तास मिळावी. बालवाडीचे तीन-चार तास मूल चटईवर बसूनच राहिले, तर ही उणीव सायंकाळी भरून काढणे कठीण जाते. शिवाय पेन्सिल धरणाऱ्या बोटांनाही आधी खांद्याची व मनगटाची बळकटी लागते. म्हणजे खेळाचा तास अक्षरांच्या वाट्यातून काही हिरावून घेत नाही.

यासाठी मैदान लागतेच असे नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले, तेव्हा शाळेकडे न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच शाळा नेली. पावसात एका खोलीतही खडूच्या रेषेवरून तोल सांभाळत चालणे, लंगडी, बेडूकउड्या, कापडी चेंडू झेलणे हे सारे होते. लगोरी, जिला येथे पिट्ठू म्हणतात, ती ओसरीतही मांडता येते. उन्हाळ्यात खेळ सकाळी लवकर व सावलीत घ्यावा, मध्ये पाणी पाजावे आणि मूल मलूल दिसताच थांबवावे. एकाच लांब तासापेक्षा पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन-तीन खेळ लहान मुलांना अधिक मानवतात. स्नेहसंमेलनाची कवायत मात्र यात धरू नये. तिच्यात बराच वेळ रांगेत उभे राहण्यात जातो. धावू न शकणाऱ्या मुलालाही बसून चेंडू टाकण्याचा वाटा द्यावा.

पालकांनी महिन्यातून एकदा बालवाडीच्या ताईंना विचारावे : या आठवड्यात मुले किती दिवस खेळली? मुलाला सैल कपडे व पायात घट्ट बसणारी पादत्राणे घालून पाठवावे. कपडे मळले म्हणून रागावू नये.

चार वर्षांचे मूल दोन्ही पाय उचलून उडी मारू शकत नसेल, वारंवार पडत असेल, किंवा थोड्या खेळाने त्याला धाप लागून ओठ निळसर होत असतील, तर वाट पाहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीसाठी येते. त्या दिवशी मुलास अवश्य न्यावे. आवश्यकता भासल्यास तेथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. ओठ निळसर होत असल्यास पथकाची प्रतीक्षा न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.