पुण्याहून साताऱ्यास, दोन दिवसांत

पुण्याहून साताऱ्यास मोटारीनें जावयास आजकाल अडीच तास पुष्कळ झाले. अंतर सुमारें ११० किलोमीटर, रस्ता ऐसपैस, आणि वाटेंत अडविणारें असें टोलनाक्यांखेरीज कांहीं नाहीं. हाच प्रवास गेल्या माघ महिन्यांत आम्हीं असा केला कीं, पहिल्या दिवशीं सकाळीं निघून साताऱ्याच्या हद्दींत शिरावयास दुसऱ्या दिवसाची दुपार उलटून गेली. मोटार एकदांहि बिघडली नाहीं, हें आधींच सांगून ठेवणें बरें. कारण घरीं परतल्यावर ज्यानें त्यानें प्रथम तीच चौकशी केली.

सोबतीस आमचे शाळेपासूनचे एक स्नेही होते. नोकरीचीं पस्तीस वर्षें त्यांनीं रस्ते मोजण्यांत, वळणें सरळ करण्यांत आणि गांवांना बगल देण्यांत घालविलीं. याच रस्त्याच्या मोजणीवर ते कित्येक महिने होते. कोणत्या मैलावर कोणती मोरी आहे हें त्यांस मुखोद्गत. पण त्या मोरीपासून फर्लांगभर आंत काय आहे असें विचारलें कीं इंजिनियरमहाशय नकाशा शोधूं लागत. अशा गृहस्थांनीं एके रात्रीं दूरध्वनि करून म्हणावें, "रस्त्याच्या कडेला काय काय असतें तें एकदां पाहून घ्यावें म्हणतों. सावकाश जाऊं. गाडी मात्र तूं चालवायची," याचें आम्हांस नवल वाटलें. आजवर त्यांनीं आपल्या गाडीच्या स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागूं दिला नव्हता. कारण विचारावें असें मनांत आलें होतें, पण निघण्याच्या गडबडींत राहून गेलें.

नवा बोगदा सोडून जुन्या कात्रजच्या घाटानें जावयाचें, हें त्यांनींच ठरविलें होतें. घाट उतरून महामार्गास लागतों न लागतों तोंच खेड-शिवापूर आलें. येथील कमरअली दरवेश यांच्या दर्ग्याच्या आवारांत एक गोल गुळगुळीत धोंडा आहे. अकरा जणांनीं भोंवतीं उभें राहून त्याच्याखालीं एकेक तर्जनी लावावयाची, आणि एकाच श्वासांत अवलियाचें नांव पुकारावयाचें, कीं धोंडा वर उचलला जातो. आम्ही गेलों तेव्हां नऊ जण जमून अकरांची वाट पाहात होते. त्यांत दोन ट्रकवाले, बंगळूरकडे निघालेलें एक कुटुंब आणि कॉलेजांतलीं पोरें होतीं. "काका, या, दोनच कमी आहेत," असें म्हणून त्यांनीं आम्हांस ओढूनच नेलें. अशा वेळीं मागें सरणें माणुसकीला शोभत नाहीं. बोट लावलें, आरोळी ठोकली, आणि खरोखरच तो धोंडा आमच्या छातीपर्यंत आला. मग धप्पकन् खालीं पडला व सर्व जण उड्या मारून मागें झाले.

इंजिनियरमहाशयांचें स्पष्टीकरण गाडीपर्यंत येतां येतां तयार होतें. भार अकरा ठिकाणीं वांटला गेला म्हणजे एका बोटाच्या वांट्यास फारसा येत नाहीं. खरी अडचण अकरा जणांचा जोर एकाच क्षणीं लागण्याची, आणि ती त्या नामघोषानें भागते. उपपत्ति आम्हांस पटली. मात्र धोंडा वर येतांना त्यांचीच आरोळी सर्वांत मोठी होती, एवढें येथें नमूद करतों. परततांना दारांतल्या पायरीला डाव्या अंगानें ठेंच लागून ते पडतां पडतां वांचले. आम्हीं तें धोंड्याच्या आनंदावर घातलें.

पुढें नसरापूर. येथें बनेश्वराचें देऊळ आहे. गर्द झाडी, वाहत्या पाण्याचीं कुंडें, आणि ऐन दुपारींहि पायांस गार लागणारी फरसबंदी. नानासाहेब पेशव्यांनीं तें १७४९ सालीं बांधविलें. देवळांत एक मोठी घंटा टांगली आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हा आंकडा आहे! चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई सर केली, त्या मोहिमेंत पोर्तुगीजांच्या देवळांतील घंटा मराठ्यांच्या हातीं आल्या व पुढें त्या निरनिराळ्या देवस्थानांस गेल्या, त्यांपैकींच ही एक. ज्या घंटेनें कोंकणांतील ख्रिस्ती मंडळींस प्रार्थनेस बोलावलें, तीच आज सोमवारीं बेल वाहणाऱ्यांच्या हातानें वाजते. धातूला धर्म नसतो असें कोणी म्हणेल. पण तो क्रूस खरवडून काढावा असें एवढ्या वर्षांत कोणास वाटलें नाहीं, याचेंच आम्हांस अधिक कौतुक वाटलें.

कापूरहोळच्या बाजूस केतकावळ्याला तिरुपतीच्या बालाजीच्या मंदिराची प्रतिकृति उभारलेली आहे. तेथें जावें कीं न जावें यावर चहाच्या टपरीवर बराच खल झाला. "प्रतिकृति चांगली असेल तर गर्दीहि हुबेहूब असणार," असा निकाल देऊन इंजिनियरमहाशयांनीं तो विषय मिटविला. शिरवळला नीरा ओलांडली आणि खंबाटकीचा घाट चढलों. या घाटाची रीत मोठी चमत्कारिक आहे: साताऱ्याकडे जाणारांनीं डोंगर चढून जावयाचें आणि पुण्याकडे परतणारांनीं डोंगराच्या पोटांतून बोगद्यानें यावयाचें. सुरूरपाशीं महामार्ग सोडून तिसऱ्या प्रहरीं वाईस पोंचलों.

वाईचा ढोल्या गणपति कोणास ठाऊक नाहीं? आमच्या लहानपणीं आजीबरोबर त्याचें दर्शन घेतलें होतें, तेव्हां मूर्तीच्या पोटापलीकडे आम्हांस कांहीं दिसलें नव्हतें. इंजिनियरमहाशय देवाला हात जोडून जे निघाले ते सरळ देवळाच्या मागें गेले, आणि तेथूनच त्यांनीं आम्हांस हाका मारावयास सुरुवात केली. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ मध्यें हें देऊळ कृष्णेच्या अगदीं कांठीं बांधविलें. नदीला पूर आला म्हणजे लोंढा थेट देवळावर यावयाचा. म्हणून मागील भिंत सपाट न ठेवतां माशाच्या आकाराची, टोंकदार केली आहे. पाणी त्या टोंकावर दुभंगतें आणि दोहों अंगांनीं निघून जातें. पुलाच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूस जसें नाक काढतात, तसेंच हें. "आम्हांला हें परीक्षेंत पाठ करावें लागलें," ते म्हणाले, "आणि इथें गणपतीच्या पाठीमागें अडीचशें वर्षें उभें आहे. घाटावर येणारीं माणसें समोरून नमस्कार करून जातात!" त्या दगडी नाकावर ते बराच वेळ हात फिरवीत होते. पाहण्यापेक्षां चांचपण्यावरच त्यांचा भर आहे, हें तेव्हां प्रथम आमच्या ध्यानांत आलें.

संध्याकाळीं घाटाच्या पायरीवर बसलों असतां त्यांनीं आपण होऊनच सांगितलें. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. या विकारांत डोळ्यांतील दाब बहुधा वाढतो, दृष्टीच्या मज्जातंतूला इजा होते, आणि आधीं जातें तें बाजूचें दिसणें. समोरचें अक्षर स्वच्छ वाचतां येतें, त्यामुळें माणसाला पुष्कळ दिवस पत्ताच लागत नाहीं. गेलेली दृष्टि परत येत नाहीं. औषधाचे थेंब नियमानें घातले तर राहिलेली टिकवितां येते. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांतील दाब तपासून घ्यावा असें डॉक्टर सांगतात, आणि आपण चष्म्याचा नंबर तेवढा काढून घेऊन घरीं येतों. इंजिनियरमहाशयांनीं हेंच केलें होतें. एका सायकलवाल्यास डावीकडून येतांना त्यांनीं पाहिलेंच नाहीं. सायकलवाला सुदैवानें वांचला, आणि त्या दिवसापासून त्यांनीं गाडीची किल्ली खुंटीला लावली.

"गंमत पाहा," ते म्हणाले, "जन्मभर समोरच पाहात गेलों. रस्त्याच्या कडेला पाहणें म्हणजे वेळेचा नाश अशी माझी समजूत. आतां बाजू दिसेनाशी झाली, तेव्हां तिथें काय होतें तें पाहावेंसें वाटतें."

यावर काय बोलावें तें आम्हांस सुचलें नाहीं. अंधार पडल्यावर पायऱ्या चढतांना आम्हीं त्यांच्या डाव्या बाजूस राहून त्यांचा दंड धरला, आणि त्यांनीं तो धरूं दिला. मुक्कामाच्या ठिकाणीं पिठलें-भाकरी झकास मिळाली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाईजवळच मेणवलीस गेलों. नाना फडणविसांचा वाडा, त्याच्या मागें कृष्णेचा घाट, आणि घाटावर मेणेश्वराचें देऊळ. देवळापाशीं छोट्याशा दगडी घुमटीत दुसरी घंटा आहे, बनेश्वराच्या घंटेची जणूं धाकटी बहीण. वयानें धाकटी म्हणावयाची. आकारानें नव्हे, कारण हिचें वजन साडेसहाशें किलोच्या घरांत सांगतात. हिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरीमाता आहे आणि १७०७ हें साल आहे. त्याच सालीं औरंगजेब अहमदनगरास मेला. इंजिनियरमहाशयांनीं घंटेच्या कडेवर नुसती टिचकी मारली. तेवढ्यानेंहि ती कितीतरी वेळ गुणगुणत राहिली. घाटावर धुणें धुणाऱ्या एका बाईनें मान वर करून पाहिलें आणि पुन्हां धुणें आपटूं लागली.

तेथून पांचवडवरून महामार्गावर आलों. आतां आमच्या गाडींत नवाच क्रम सुरू झाला होता. रस्त्याच्या कडेचें जें जें दिसे तें आम्ही मोठ्यानें सांगत जाऊं लागलों. डावीकडे ऊंस, तोडणी चालू आहे; उजवीकडे रसवंती, घुंगरूं बांधलेली; एक म्हातारा शेळ्या घेऊन उभा आहे आणि शेळ्यांना रस्ता ओलांडावयाचा नाहीं. वेग अर्थातच मंदावला. मागील मोटारी कर्णे वाजवून आमचा उद्धार करीत पुढें जात होत्या. इंजिनियरमहाशय मात्र मोठ्या गंभीरपणें, "उंसाची कोणती जात?" अशा पृच्छा करीत होते, आणि शेतीविषयींचें आमचें अगाध अज्ञान उघडें पाडीत होते.

लिंब फाट्याला वळलों. "हा फाटा माझ्या हातून शंभरदां मोजला गेला असेल," ते म्हणाले, "पण आंत कधीं वळलों नाहीं." आंत लिंब गांवाच्या शिवारांत बारा मोटांची विहीर आहे. विहीर हा शब्द तिला तोकडा पडतो. मोठ्या अष्टकोनी विहिरीला जोडून दुसरी लहान विहीर, वरून पाहिलें तर शिवलिंगाचा भास. खोली ११० फूट आणि व्यास ५० फूट सांगतात. पायऱ्या उतरून गेलें कीं कमानींतून आंत प्रवेश होतो, आणि दोन विहिरींच्या मधल्या भागावर चक्क एक लहानसा महाल आहे, कोरीव खांबांचा. बाहेर रणरणतें ऊन आणि येथें पाण्यावरून येणारा गारवा! वीरूबाई भोसले यांनीं ही विहीर बांधविली. शिलालेखांतील शके १६४१ ते १६४६ हे आंकडे इसवी सन समजून कोणी कोणी तिला शिवाजी महाराजांच्या बालपणांत नेऊन ठेवतात. शकांत ७८ मिळविले म्हणजे १७१९ ते १७२४ हीं वर्षें येतात. अर्थात् शाहू महाराजांची कारकीर्द. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले तें वर्ष १७१९च. राज्याची घडी बसत होती, आणि येथें आंबराईला पाणी पाजण्याची सोय होत होती.

वर मोटांच्या जागा अजून आहेत. एकाच वेळीं बारा मोटा चालत, म्हणजे तितक्याच बैलजोड्या पाठीमागें सरत आणि धांवेवरून पुढें उतरत. चाकांचा कुरकुराट, थारोळ्यांत आदळणारें पाणी आणि मोटकऱ्यांचीं गाणीं यांनीं काय गलका होत असेल! इंजिनियरमहाशय कठड्यावर तळहात टेकून एका जागेवरून दुसऱ्या जागेवर चालत होते व मोजीत होते. आम्ही त्यांच्या विहिरीकडील बाजूस राहिलों. बारा झाल्यावर ते थांबले आणि "बरोबर आहे," म्हणाले, जणूं हिशेब तपासावयास सरकारनेंच त्यांना धाडलें होतें.

शेवटचा मुक्काम संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णा येथें मिळतात, घाटावर देवळें आहेत, रामशास्त्री प्रभुणे यांचें हें गांव, आणि १७४९ सालीं निवर्तलेल्या शाहू महाराजांची समाधि येथेंच आहे. पण आमचें विशेष आकर्षण निराळें होतें. महाराजांचा आवडता कुत्रा खंड्या यानें शिकारींत वाघापासून धन्याचा जीव वांचविला अशी कथा आहे, आणि त्या खंड्याचीहि समाधि माहुलीस आहे. छत्रपतींच्या वाट्यास आलेलें आदराचें मौन खंड्याच्या वाट्यास येत नाहीं. मुलें त्याच्याजवळ येऊन मोकळेपणानें बसतात. दोन मुलें तेथें चिंचा खात होतीं. त्यांनीं खंड्याची हकीकत आम्हांस इतक्या तपशिलानें सांगितली कीं, वाघाचा रंग तेवढा पिंवळा ठरला, बाकी सर्व बाबतींत त्या दोघांत मतभेद होते. इंजिनियरमहाशयांनीं दोन्ही पक्ष ऐकून घेतले, साताऱ्यास घेतलेल्या कंदी पेढ्यांचा पुडा फोडला, आणि रामशास्त्र्यांच्या गांवांत निवाडा न देतांच उठले.

परततांना दिवस मावळला. खंबाटकीच्या बोगद्यांत शिरेपर्यंत आमचें समालोचन चालूच होतें. आंत दोहों बाजूंस भिंती आणि समोर दिव्यांची रांग.

"इथें तूं गप्प बसलास तरी चालेल," ते म्हणाले, "इथें आपण दोघे सारखेच."

बोगदा संपला, गार वारा लागला, आणि उतार सुरू झाला.

"डावीकडे काय आहे?"

"अंधार," आम्ही म्हणालों, "आणि त्यांत बराच लांब एक दिवा."

"कसला?"

आम्हीं गाडीचा वेग आणखी कमी केला आणि पाहूं लागलों.