शेवटच्या वीतभर उचलीचं गणित

सप्टेंबर २०२५ मध्ये बर्मिंगहॅमला आइसलँडच्या हाफथोर ब्यॉर्नसनने ५१० किलोंचा बार जमिनीवरून उचलला आणि तो ताठ उभा राहिला. त्या बातमीनंतर पॉवरलिफ्टिंग करणाऱ्या एका वाचकाने विचारलं: 'डेडलिफ्टमध्ये माझा बार गुडघा सहज ओलांडतो आणि अर्ध्या मांडीवर थांबतो. लॉकआउट, म्हणजे ताठ उभं राहण्याचा शेवटचा टप्पा, सुधारायचा कसा?'

गंमत अशी की, नुसत्या यंत्रशास्त्राला विचारलं तर ही शेवटची वीत सगळ्यात सोपी असायला हवी. भरलेली कळशी कडेवर घेऊन चालता येतं, पण हात लांब करून तीच धरली तर क्षणात खांदा भरून येतो. वजन तेच असतं, सांध्यापासूनचं आडवं अंतर वाढलेलं असतं. २०० किलोंच्या बारवर गुरुत्वाकर्षणाचं बल सुमारे १९६० न्यूटन. बार जमिनीवर असताना खुबा त्याच्या मागे २५ सेंटिमीटर आहे असं धरलं, तर खुब्यावर ४९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे सांधा फिरवू पाहणारा जोर, येतो. मध्य-मांडीवर ते अंतर १० सेंटिमीटर उरलं, तर १९६. ताठ उभं राहिल्यावर जवळजवळ काहीच नाही.

हे गणित आपल्याला शिकवणाऱ्या माणसाचं नाव व्यायामशाळेत कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जिओव्हानी अल्फोन्सो बोरेल्ली. १६०८ मध्ये नेपल्सला जन्मलेला हा गणितज्ञ आयुष्याच्या अखेरीस रोममध्ये एका धार्मिक संघाच्या आश्रयाला राहून गणित शिकवत होता. स्पेनच्या सत्तेविरुद्धच्या बंडात सहभागाचा संशय आल्यामुळे त्याला मेसिना सोडावं लागलं होतं, जवळ पैसा उरला नव्हता. प्राण्यांच्या हालचालींवरचा त्याचा ग्रंथ छापण्याचा खर्च स्वीडनची माजी राणी क्रिस्टीना हिने उचलायचं कबूल केलं, पण १६७९ च्या शेवटच्या दिवशी बोरेल्ली गेला. ग्रंथ निघाला १६८० आणि १६८१ मध्ये, दोन भागांत.

तोवर असं मानलं जाई की स्नायू थोड्याशा जोराने मोठं ओझं हलवतात. बोरेल्लीने पाठीवर भार घेतलेल्या हमालांची चित्रं काढून, तरफेचे नियम लावून नेमकं उलट दाखवलं. स्नायू सांध्याच्या अगदी जवळ चिकटलेले असतात, त्यामुळे ओझ्याच्या कितीतरी पट जोर त्यांना लावावा लागतो. मणक्यांमधल्या चकत्यांवर किती दाब येत असेल, याचाही हिशेब त्याने मांडला. तेही न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' निघण्याच्या सहा-सात वर्षं आधी! अमेरिकेतल्या बायोमेकॅनिक्सच्या संस्थेचा सर्वोच्च सन्मान आज त्याच्या नावाने दिला जातो.

मग बार अडतो का? पहिला संशयित आहे अंतरच. २०० किलोंना प्रत्येक सेंटिमीटर जवळजवळ २० न्यूटन-मीटरला पडतो. बार अंगापासून ३ सेंटिमीटर सुटला, तर तळाच्या ४९० मध्ये ५९ ची भर फारशी जाणवत नाही. वर मात्र १९६ मध्ये तीच भर म्हणजे ३० टक्के वाढ. गुडघे लवकर सरळ झाले तर असंच होतं. पायांचं काम संपलेलं असतं, धड अजून आडवं असतं आणि उरलेला सगळा भार एकट्या खुब्यावर येतो.

दुसरं कारण स्नायूंच्या लांबीत आहे. १९६६ मध्ये गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांनी बेडकाच्या एकेका स्नायुतंतूवर प्रयोग करून दाखवलं की ठरावीक लांबीलाच तंतू पूर्ण जोर देतो. फार ताणला किंवा फार आखडला तर जोर घटतो. खुबा सरळ होत जातो तसे कुल्ल्याचे स्नायू आखडत जातात. म्हणजे भार हलका होतो त्याच वेळी इंजिनही थोडं कमी पडतं.

त्यात पाठीचा आकार. वाकलेल्या पाठीने बार जमिनीवरून लवकर सुटतो, कारण खुबा बारच्या जवळ येतो. पण मग तोच कणा सगळा भार अंगावर असताना सरळ करावा लागतो, आणि पॉवरलिफ्टिंगचे पंच खांदे मागे गेल्याशिवाय उचल मान्य करत नाहीत. बार मांडीवर टेकवून वर सरकवणंही चालत नाही. लामार गँटची गोष्ट निराळी. १९८५ मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट करणारा तो पहिला माणूस. हात लांब, कणा वक्र. त्याचा बार गुडघ्यांच्या जरा वरच थांबायचा, तिथेच त्याचा लॉकआउट. ज्यांची शरीरं तशी नाहीत त्यांनी त्याची पाठ पाहून शिकू नये.

'खालून जोरात खेच, वेगाच्या भरात वर पोहोचशील' हा सल्ला तर मी कागदावर तपासूनच पाहावा म्हणेन. सेकंदाला ०.३ मीटर वेगाने चाललेला बार निव्वळ त्या वेगावर किती वर जाईल? साडेचार मिलिमीटर! वजन कितीही असो. जोरदार सुरुवातीचा फायदा आहे, पण तो वेळेचा: उचल लवकर उरकते, स्नायू कमी थकतात.

रॅक पुलबद्दलही माझा आक्षेप आहे. गुडघ्याच्या वरच्या पिनांवर बार ठेवून, ताज्या दमाने, छाती काढून, गुडघे बारखाली सरकवून माणूस नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वजन उचलतो. ते वजन पाहायला छान वाटतं. पण खऱ्या उचलीत तो त्या जागी त्या आकारात पोहोचतच नाही, आणि ताकद ज्या कोनात कमावली त्याच्या आसपासच मुख्यतः वाढते. पिना गुडघ्याखाली घ्या आणि खऱ्या उचलीत तिथे अंग जसं असतं तसंच ठेवा, मग त्याच व्यायामाला अर्थ येतो.

पत्रलेखकाने आधी बाजूने, कमरेच्या उंचीवर मोबाइल ठेवून जड उचलीचं चित्रण करावं आणि बार गुडघ्यापाशी असतानाचं दृश्य थांबवून पाहावं. बार आणि पाय यांच्यात फट दिसली तर लॅट्स, म्हणजे बगलेखालचे पाठीचे रुंद स्नायू, कामाला लावायला हवेत, बगला घट्ट दाबून बार मांडीला घासत आणायचा. त्यासाठी आपल्या कमाल उचलीच्या ६०-७० टक्के वजनावर गुडघ्याच्या किंचित खाली दोन सेकंद थांबून पूर्ण केलेली डेडलिफ्ट फार उपयोगी. बार सुटला की तिथेच कळतं. पाठ गोल दिसली तर रोमानियन डेडलिफ्ट आणि पाठीचं काम वाढवावं. दोन्ही ठीक असूनही वरच अडत असेल, तर बारला रबरी बँड लावावेत, कारण त्यांचा ताण उंचीबरोबर वाढतो. शेवटी कंबर मागे मोडायची नाही. कुल्ले आवळून खुबा बारकडे न्यायचा, खांदे आपोआप मागे येतात.