शेळीच्या दुधातून माणसाचे प्रथिन

परंडा तालुक्यात उस्मानाबादी शेळीची ओळख करून द्यावी लागत नाही. बहुतेक काळ्या रंगाची, कमी चाऱ्यावर तगणारी, बऱ्याचदा जुळी देणारी ही शेळी इथल्या दारोदारी बांधलेली दिसते. जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, तरी देशभरात जात ओळखली जाते ती जुन्याच नावाने. शेळीला गरिबाची गाय म्हणणाऱ्या या मुलखातल्या वाचकाला एक हकिकत सांगायलाच हवी. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शेळीच्या दुधातून काढलेल्या एका मानवी प्रथिनाला औषध म्हणून मान्यता दिली. युरोपने ती २००६ मध्येच दिली होती. जनुकीय बदल केलेल्या प्राण्याकडून मिळालेले ते जगातले पहिले मान्यताप्राप्त औषध. त्या प्रथिनाचे नाव अँटिथ्रॉम्बिन.

आवर घालणारे प्रथिन

जखम झाली की रक्तात थ्रॉम्बिन नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लागते. ते फायब्रिनोजेनपासून धागे तयार करते, धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी होते. जखमेवरची गुठळी जीव वाचवते. तीच पायाच्या शिरेत झाली आणि सुटून फुप्फुसात गेली, तर जीवावर बेतते. म्हणून थ्रॉम्बिनला वेळीच आवर घालावा लागतो. यकृतात तयार होणारे, ४३२ अमिनो आम्लांचे अँटिथ्रॉम्बिन हे काम अहोरात्र करते.

त्याची रीत उंदराच्या सापळ्याची आहे. या रेणूच्या अंगावर ताणून बसवलेला एक वेढा असतो आणि थ्रॉम्बिन तो कापायला येते. वेढा कापला जाताच ताण सुटतो, तुटलेला भाग प्रथिनाच्या आत शिरतो आणि त्याला चिकटलेल्या थ्रॉम्बिनला फरफटत दुसऱ्या टोकाला नेतो. या ओढाताणीत थ्रॉम्बिनची घडणच बिघडते आणि ते निकामी होते. सापळाही पुन्हा वापरता येत नाही. एका रेणूने एकालाच अडकवायचे. अशा प्रथिनांच्या कुळाला सर्पिन म्हणतात. फुप्फुसांचे रक्षण करणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन याच कुळातले. विडी-सिगारेटचा धूर त्याची धार बोथट करतो.

रुग्णालयात गुठळीसाठी दिले जाणारे हेपॅरिन खरे तर अँटिथ्रॉम्बिनचाच वेग सुमारे हजारपटीने वाढवते. रक्तात अँटिथ्रॉम्बिनच कमी असेल, तर हेपॅरिनचाही पुरेसा उपयोग होत नाही. नॉर्वेतील डॉक्टर ओलाव्ह एगेबर्ग यांनी १९६५ मध्ये पिढ्यानपिढ्या गुठळ्यांचा त्रास असलेले एक कुटुंब तपासले, तेव्हा त्या घरात हेच प्रथिन कमी आढळले. हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो आणि साधारण दोन ते पाच हजारांत एकाला असतो.

कुपीतली पांढरी पूड

असा दोष शोधायचा किंवा नव्या औषधाची पारख करायची, तर प्रयोगशाळेला शुद्ध प्रथिन हाताशी लागते. माणसाच्या रक्तातून ते वेगळे करता येते, पण त्यासाठी रक्तदाते हवेत आणि रक्तातून येणाऱ्या विषाणूंची धास्ती राहते. म्हणून मानवी जनुक दुसऱ्या पेशीत बसवून तिच्याकडून प्रथिन करून घेतात. मानवी इन्सुलिन जिवाणूंकडूनही मिळते. अँटिथ्रॉम्बिनचे तसे नाही. त्याच्यावर चार ठिकाणी शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात आणि सर्वसाधारण जिवाणूंना ती जोडणी जमत नाही. त्यामुळे सस्तन प्राण्यांच्या पेशी वापराव्या लागतात.

या पेशी पोषक द्रवात वाढवतात. त्यांनी बाहेर सोडलेले प्रथिन हेपॅरिनचे मणी भरलेल्या नळीतून जाऊ देतात. अँटिथ्रॉम्बिन मण्यांना धरून बसते, बाकीचे वाहून जाते आणि शेवटी मिठाच्या तीव्र द्रावणाने ते सोडवून घेतात. गोठवून सुकवले की कुपीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड उरते. कुपीवर लिहिलेले असते, ‘फक्त संशोधनासाठी’. ती सूचना अक्षरशः पाळायची असते, कारण माणसाला टोचायच्या औषधाला शुद्धतेच्या आणि सुरक्षिततेच्या कितीतरी जास्त कसोट्या असतात.

पूड काम करते की नाही, हे रंगावरून कळते. नळीत ठरावीक थ्रॉम्बिन, थोडे हेपॅरिन आणि तपासायचे प्रथिन घालतात. मग असा पदार्थ घालतात की थ्रॉम्बिनने तो कापला की पिवळा रंग सुटतो. रंग गडद झाला तर थ्रॉम्बिन मोकाट आहे. फिका राहिला तर त्याला आवर बसला आहे. यंत्र हा पिवळेपणा मोजून आकडा देते. रुग्णाच्या रक्तातले अँटिथ्रॉम्बिनही याच तत्त्वावर मोजतात.

गोठ्यातला कारखाना

उपचाराला मात्र चिमूटभर पुरत नाही. अमेरिकेतल्या जीटीसी बायोथेरप्यूटिक्स या कंपनीने शेळीच्या दुधात केसीन तयार करायला लावणाऱ्या जनुकाचा नियंत्रक भाग घेतला, त्याला अँटिथ्रॉम्बिनचे मानवी जनुक जोडले आणि ते शेळीच्या भ्रूणात सोडले. त्यातून वाढलेल्या माद्या दुधात मानवी प्रथिन देऊ लागल्या. एका शेळीकडून वर्षभरात ९० हजार रक्तदानांइतके अँटिथ्रॉम्बिन मिळते, असा कंपनीचा दावा होता. शेळीने जोडलेली शर्करा थोडी वेगळी असल्याने हे प्रथिन रक्तात कमी काळ टिकते. बाजारातही या औषधाने फार काळ तग धरला नाही. तरी दुभते जनावर माणसासाठी गुंतागुंतीचे प्रथिन तयार करू शकते, हे त्याने कायमचे सिद्ध केले.

दुसऱ्या पेशीकडून मानवी प्रथिन करून घेण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. वोक्हार्टने २००३ मध्ये देशी बनावटीचे मानवी इन्सुलिन बाजारात आणले आणि औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जैवतंत्रज्ञान प्रकल्प उभारला. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवते. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना अशा कुपीतल्या प्रथिनावर एकदा तरी स्वतःच्या हाताने प्रयोग करायला मिळाला पाहिजे. पिवळा रंग समोर फिका पडताना पाहिला की जे कळते, ते फळ्यावरच्या आकृतीने कळत नाही.

आणि एक गोष्ट प्रत्येक घरासाठी. एक पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, तर ‘चालून चालून झाले असेल’ म्हणून अंगावर काढू नका. धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर क्षणही न दवडता दवाखाना गाठा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे गुठळीची जोखीम अधिक असते. घरात कमी वयात कुणाला गुठळी झाली असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा आणि अँटिथ्रॉम्बिनची तपासणी हवी का, असे विचारा. ताज्या गुठळीत किंवा हेपॅरिन चालू असताना हा आकडा कमी येऊ शकतो, म्हणून तपासणीची वेळ त्यांनाच ठरवू द्या. घराण्याचा दोष आधी कळला, तर पुढची गुठळी टाळता येऊ शकते.