नाव आणि तारीख साध्या अक्षरात

सकाळी ७.३०
शटर वर जातं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर सागर कारखान्याकडे चाललेत. तीर्थपुरीतलं हे दुकान दहा बाय बाराचं. भाडं महिना अडीच हजार. एक संगणक, एक लेझर प्रिंटर, रेडियम कापायचं छोटं मशीन, मागे स्क्रीन प्रिंटिंगचं लाकडी टेबल. मालक पन्नाशीचा. सगळे त्याला पेंटर म्हणतात, कारण फ्लेक्स येण्याआधी तो भिंती आणि पाट्या रंगवायचा. सुतळीला खडू लावून शिरोरेषा मारायची, मग कुंचला धरायचा. अक्षर त्याच्या मनगटातून आलंय. त्यामुळे संगणकातलं अक्षर त्याला लवकर पसंत पडत नाही.

८.१५
दोघे भाऊ येतात. "पेंटर, वडील गेले. सोमवारी तेरवी." पेंटर खुर्ची पुढे करतो, हाताखालच्या पोराला चहा सांगतो. धाकटा मोबाइलवर एक नमुना दाखवतो. वळणदार अक्षर, प्रत्येक वेलांटीला शेपूट. पेंटर म्हणतो, "भाऊ, हे बारशाचं अक्षर आहे." तो जाड, सरळ अक्षर लावतो. नाव, वय, वार, तारीख, गोदाकाठचं ठिकाण. चौकट काळी, बाकी काही नाही. मोठा भाऊ वाचतो आणि मान हलवतो. दीडशे पत्रं, तीन रुपयांनी साडेचारशे. पैसे तो लगेच देतो.

९.३०
सप्ताहाची मंडळी. वहीत यादी आहे: काकडा, हरिपाठ, सात दिवसांचे सात कीर्तनकार, काल्याचं कीर्तन, अन्नदाते. अन्नदात्यांपैकी एकाचा निरोप आलाय, नाव जरा मोठं टाका. पेंटर ऐकत नाही. "पंगतीत सगळे एका रांगेत बसतात ना महाराज? मग नावंही एकाच मापाची." मथळ्याला तो एकच नक्षीचं अक्षर घेतो. खाली सगळं साधं. कीर्तनाची वेळ मात्र ठळक. "बाया वस्तीवरून चालत येतात. कधी निघायचं ते कागदाने सांगितलं पाहिजे." एका कागदावर दोन फॉन्ट, तिसरा नाही, हा त्याचा नियम. मला तो पूर्ण पटतो. हजार रुपये आगाऊ मिळतात.

११.००
कृषी सेवा केंद्राच्या फ्लेक्सचा मजकूर व्हॉट्सॲपवर आलाय. संगणकावर तो 'मंगल'मध्ये उघडतो. हा फॉन्ट र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केला. जोशी कवी आणि सुलेखनकार. पडद्यावर वाचायला ते अक्षर बरं. पण पेंटरचं म्हणणं ठरलेलं आहे: "मंगल अर्जाला. दुकानाच्या फ्लेक्सला नाही." त्यातला ल दांडीचा, हिंदी वळणाचा. राज्य शासनाच्या १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात मराठीचा ल पाकळीचा आहे. पेंटर पाट्यांवर आधीपासून पाकळीचाच काढायचा.

त्याचं कोरल ड्रॉ जुनं आहे. त्यात युनिकोड मजकूर नीट बसत नाही, जोडाक्षरं सुटी होतात. म्हणून मजकूर श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बदलून घ्यायचा. बदलताना 'शेतकऱ्यांसाठी'चा 'शेतकर्यांसाठी' होतो. हिंदीला हा ऱ्य लागत नाही, म्हणून अशा ठिकाणी तो हमखास मोडतो. मजकुरात तो पाच ठिकाणी आहे. पेंटर पाचही ठिकाणी हाताने लावतो. रफार सरकलेत, तेही जागेवर आणतो. पाऊण तास जातो.

१२.३०
तेरवीची पत्रं छापायला घेतात. रात्री इमल्शन लावून अंधारात सुकवलेली स्क्रीन बाहेर निघते. ट्रेसिंगवर मजकुराची काळी प्रिंट काढलीय. ती स्क्रीनवर ठेवायची, वर काच, आणि उन्हात धरायचं. मग पाणी मारलं की अक्षरांची जागा उघडते. जाड अक्षर स्वच्छ उघडतं. बारीक शेपटं अर्धी बंद राहतात, तिथे शाई अडते. साध्या अक्षराचा आग्रह इथूनही आलाय. पोरगा स्क्विजी ओढतो, पेंटर पत्र काढून दोरीवर सुकत घालतो. एक ओढ, एक पत्र. चाळिसाव्या पत्रानंतर पोरगा हात झटकतो. थिनरच्या वासाने डोळे चुरचुरतात. पोराची रोजंदारी तीनशे.

२.००
भाकरी, ठेचा, वरणाचा डबा. खाली जुन्या पेपराचं पान. त्यावर नाटकाची जाहिरात आहे. पेंटर जेवता जेवता ती न्याहाळतो. कमल शेडग्यांचं नाव तो आदराने घेतो. शेडगे २०२० साली गेले. त्यांनी काढलेल्या नावातच नाटक हसरं आहे की गंभीर ते समजायचं. "त्यांनी प्रत्येक नाव नव्यानं काढलं. आपण यादीतून उचलतो," पेंटर म्हणतो. "उचलताना निदान बघून उचलावं."

२.४५
एक पोरगा मोटारसायकल लावून आत येतो. नंबर ४१४१. त्याला प्लेटवर 'दादा' दिसेल असं रेडियम हवंय. दीडशे रुपये द्यायला तयार आहे. पेंटर नाही म्हणतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट कंपनीतूनच येते, आता जुन्यांनाही ती लावायची आहे. पण पेंटरचं कारण वेगळंच. "गाडीनं कुणाला उडवलं तर रस्त्यावरच्या माणसाला नंबर वाचता यायला पाहिजे." पोरगा थोडा वेळ रेंगाळतो. शेवटी टाकीवर आईचं नाव कापून घेतो. ऐंशी रुपये.

४.००
मोबाइलच्या दुकानाची पाटी. मालकाला इंग्रजी नाव मोठं हवं, मराठी खाली बारीक. पेंटर कायदा सांगतो: २०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानालाही मराठी पाटी लागते आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. मालक म्हणतो, "करा मग सारखं." पेंटर उंची सारखी करतो, तरी मराठी बारीक दिसतं. काना, मात्रा, वेलांटी, उकार या सगळ्यांना वर-खाली जागा लागते. तो मराठी ओळ वाढवतो, दोन पावलं मागे जाऊन बघतो, पुन्हा थोडी वाढवतो. आता डोळ्याला दोन्ही सारखी. डिझाइनचे तीनशे.

५.३०
फ्लेक्सचं मशीन त्याच्याकडे नाही. फाइल जालन्याला जाते. पाठवण्याआधी सगळी अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकृत्या. नाही केली आणि तिकडे तो फॉन्ट नसला, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी छापून येते. फ्लेक्स आठ बाय चार, बत्तीस चौरस फूट. गिऱ्हाइकाकडून पंधराने चारशे ऐंशी. छापणारा नऊने दोनशे अठ्ठ्याऐंशी घेणार. बसने पार्सल पन्नास.

७.००
लग्नपत्रिकेचं प्रूफ. नवरीचे वडील आणि आजी आलेत. तीनशे पत्रिका, बारा रुपयांनी छत्तीसशे. नवरीने फोनवरून पसंत केलेलं अक्षर कॅलिग्राफीचं. पेंटर वधू-वरांची नावं त्यात ठेवतो. लग्नाला ते शोभतं, तिथे तो हात आखडता घेत नाही. मुहूर्त, तारीख, स्थळ मात्र साध्या अक्षरात. प्रूफ तो वडिलांना देत नाही, आजीच्या हातात देतो. आजी कागद लांब धरते. एकेक अक्षर जोडत वाचते. मुहूर्ताशी अडखळत नाही. नावाशी अडखळते. पेंटर नावाचं माप दोन पॉइंट वाढवतो आणि पुन्हा प्रिंट काढतो. आता ती सलग वाचते. वडील दीड हजार आगाऊ मोजतात.

८.३०
हिशेब. तेरवी साडेचारशे, फ्लेक्स चारशे ऐंशी, पाटी तीनशे, रेडियम ऐंशी. एकूण १,३१०. सप्ताहाचे आणि लग्नाचे मिळून अडीच हजार वेगळ्या पाकिटात, ते कागदाला आणि कार्डांना जाणार. खर्च: फ्लेक्स २८८, पार्सल ५०, पोरगा ३००, तेरवीचा कागद १५०, शाई-थिनर ९०, चहा ६०. एकूण ९३८. उरले ३७२. त्यातून भाडं आणि वीजबिल.

ऱ्य लावण्यात गेलेला पाऊण तास या वहीत कुठेच नाही. आजीसाठी काढलेली दुसरी प्रिंटही नाही. गुढीपाडव्यापासून प्रूफ तपासायचे पन्नास रुपये वेगळे घ्यायचे, असं पेंटरच्या मनात आहे. गिऱ्हाईक कुरकुर करेल याची त्याला धास्ती वाटते. मी म्हणतो, घ्यावेत. अक्षर जागेवर बसवायला डोळे आणि वेळ लागतो. त्या कामाचीही मजुरी असते.