विस्तवाला हवा, धुराला वाट



ठाणे-बेलापूर रस्त्याने घणसोलीला उतरले की आधी नजरेत भरतात त्या उंच इमारती. पण मूळ गावात, गावठाणात शिरा. पहाटे पाचला एखाद्या बोळातून धुराचा वास येतो आणि कळते की इथे अजून चूल पेटते, बंब तापतो. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, भातशेती संपली. घराघरात गॅसही आला. तरी आगरी-कोळी घराच्या मागल्या बाजूला चुलीची जागा राहिलीच. तांदळाची भाकरी, हळदीच्या दिवसाचे मोठे जेवण, थंडीतले आंघोळीचे पाणी, या कामांना अजून लाकूडच लागते.

मागल्या थंडीत अशाच एका घरी गेलो होतो. आजी बंबापाशी बसून फुंकणीने फुंकत होत्या. डोळे लाल, पदर नाकाला. मला म्हणाल्या, "साहेब, लाकूडच मेलं धड जलत नाय." मी एक ढलपी उचलून पाहिली. हाताला गार लागली, वजनाला जड. दोष आजींचा नव्हता, बंबाचाही नव्हता. त्या लाकूड जाळत नव्हत्या, लाकडातले पाणी उकळत होत्या.

आज हीच गोष्ट तुमच्याशी बोलायची आहे. तुमचे गाव घाटावर असो की खाडीकाठी, घरोघरी मातीच्या चुली.

धूर म्हणजे न जळलेले सरपण

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. म्हणजे पाच किलो ओले लाकूड चुलीत घातले तर त्यातले दोन-अडीच किलो पाणीच. आधी त्या पाण्याची वाफ होते, त्यातच उष्णता खर्च होते, आणि उरलेली उष्णता भांड्याला मिळते.

दुसरी गोष्ट. लाकूड तापले की त्यातून वायू निघतो. ज्वाळा दिसते ती या पेटलेल्या वायूची. विस्तव पुरेसा गरम नसेल किंवा हवा कमी पडली तर हा वायू न पेटताच वर जातो. तोच धूर. म्हणून धूर दिसला की समजावे, आपले सरपण न जळताच घराबाहेर चालले आहे. उघड्या तीन दगडांच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी साधारण दहावा हिस्सा भांड्याला मिळतो. चांगल्या सुधारित चुलीत तो दुपटीच्या आसपास जातो.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. लाकूड पावसाळ्यापूर्वीच फोडून ठेवा. फोडलेले लाकूड अखंड ओंडक्यापेक्षा लवकर वाळते. ते जमिनीवर न रचता खाली दोन वासे घाला, वरून छप्पर द्या, बाजू मोकळ्या ठेवा. प्लॅस्टिकने चहूबाजूंनी गुंडाळले तर आतला ओलावा आतच राहतो. सहा महिने वाळलेल्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज येतो. ओलीचा आवाज बद्द येतो.

चूल भरताना तोंड गच्च भरू नका. ढलप्यांमधून हवा खेळली पाहिजे. ढलप्यांखाली लोखंडी जाळी ठेवली तर खालून हवा मिळते. राख रोज काढा आणि भांड्यावर झाकण ठेवा.

बंब कसा चालतो ते पाहा. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली जाळी, वर धुराला वाट. विस्तवाला हवा आणि धुराला वाट, दोन्ही आहेत. आपल्या जुन्या कारागिरांनी हे ओळखले होते. कोरडे लाकूड घातले तर थोड्या जळणात पाणी कढत होते.

काय जाळू नये

घणसोलीच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी. पूर्वी सरपण म्हटले की डोंगर किंवा खाडीतली तिवरे. आता तिवरांना हात लावू नये. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडण्यास मनाई केली आणि २०१८ साली ती कायम केली. खारफुटी भरतीच्या लाटांपासून काठ राखते, मासळीच्या पिल्लांना आसरा देते.

मग शहरालगतच्या गावांत लोक बांधकामावरच्या फळ्या, प्लायवूड, रंगवलेली दारे आणतात, पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी घालतात. हे करू नका. प्लायवूडमधला डिंक, रंग आणि प्लॅस्टिक यांचा धूर विषारी असतो, आणि तो जातो पेटवणाऱ्या बाईच्या छातीत. ज्यांना बांध आहे त्यांनी बांधावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावावी. छाटली की पुन्हा फुटते, पाला खताला आणि फांद्या सरपणाला होतात. शेण मात्र शक्यतो जाळू नये. शेणी जाळल्या की त्यातले नत्र हवेत जाते, शेताला मिळत नाही.

न दिसणारा शत्रू

आता जे सांगतो ते घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

मी कॉलेजात असताना माझी थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. थंडीचे दिवस. रिवाजाप्रमाणे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, आणि वारा लागू नये म्हणून खिडकीला घोंगडी, दाराला पडदा. पहाटे आईने हाक मारली तर बहीण उत्तर देईना. आई स्वतः उठायला गेली तर भिंतीला धरून खाली बसली. वडिलांनी दार ढकलले, खिडकी उघडली, बाळाला आणि बहिणीला अंगणात आणले. तासाभराने त्या दोघी सावरल्या. घरात कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले अशक्तपणा.

ते कार्बन मोनॉक्साइड होते. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून शेगडी निर्धोक वाटते. पण याच लाल निखाऱ्यांतून हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो.

म्हणून बंद खोलीत शेगडी ठेवून कधीही झोपू नका. बाळंतिणीला ऊब हवीच. ती गोधडीने द्या, गरम पाण्याच्या पिशवीने द्या. बाळाला आईच्या अंगाशी ठेवा. बंबही बंद न्हाणीघरात पेटवू नका. बाहेर तापवा, पाणी आत आणा. एका खोलीतल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले, चक्कर आली, मळमळले, तर लगेच सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर फोन करा.

दिसणारा धूरही कमी घातक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे मेली. त्यात पाच वर्षांखालील मुले दोन लाखांहून अधिक होती.

धुराडे बसवले, पुढे काय?

१९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ साली संपला. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने, सुधारित चुलींवर पुष्कळ काम केले. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गॅस गावोगाव पोहोचला. तरी सिलिंडर संपला की घर पुन्हा चुलीकडे वळते. म्हणून चूल नीट ठेवलीच पाहिजे.

इथे माझी एक चूक कबूल करतो. नोकरीच्या सुरुवातीला एका घरी मी हौसेने धुराड्याची चूल बसवून दिली. वर्षाने गेलो तर तिच्यावर कोंबड्यांचे खुराडे. धुराडे काजळीने तुंबले होते, धूर उलटा घरात येत होता. ते साफ कसे करायचे हे मी घरच्या बाईला सांगितलेच नव्हते. तेव्हापासून आधी ब्रश दाखवतो, मग चूल. धुराडे छपराच्या आढ्याच्या वर दोन-तीन फूट न्या आणि महिन्यातून एकदा काजळी काढा.

घणसोलीसारख्या दाट गावठाणात घराला घर लागलेले. तुमच्या बंबाचा धूर शेजारच्या खिडकीत जातो. तिथे गच्चीवर सौर बंब बसवणे सर्वांत बरे.

चुलीची राख फेकू नका. त्यात पालाश आणि चुना असतो. परसातल्या भाजीला थोडी द्या, वालाच्या बियाण्यात मिसळा, कीड कमी लागते. फक्त युरियात मिसळू नका, नत्र उडून जाते. खारवट जमिनीतही टाकू नका.

त्या आजींच्या नातवाने माझ्यादेखत माळ्यावरून कोरड्या बाभळीच्या चार ढलप्या काढून दिल्या. बंब पेटला, धूर निवळला, फुंकणी बाजूला राहिली. तुमच्या घरी उद्या चूल पेटेल तेव्हा पेटवणारीच्या डोळ्यांकडे एकदा पाहा. ते लाल असतील तर या रविवारी लाकडाला छप्पर करा, चुलीखाली जाळी ठेवा आणि धुराला वाट काढून द्या. हे काम तिच्यावर सोडू नका. घरातल्या पुरुषांनी करावे.