पोटभाडेकरू उबंटू : ‘आकाश’ टॅब्लेटवरील एका खटपटीची हकिगत

चारकोपच्या सेक्टरांतील छोटी घरे आणि त्यांवर मागाहून चढलेले मजले पाहिले की त्या वसाहतीची घडण ध्यानात येते. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ च्या सुमारास सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने येथे पाणी, मलनिस्सारण व रस्ते यांची सोय केलेले लहान भूखंड दिले. घर ज्याचे त्याने बांधावयाचे होते. कुटुंबाला परवडेल एवढेच द्यावे, परंतु त्यावर पुढे बांधता आले पाहिजे, असा तो विचार. सुमारे पाव शतकानंतर पवईच्या आयआयटीत एका स्वस्त टॅब्लेटबाबत असाच प्रश्न उभा राहिला. वस्तू स्वस्त आहे खरी, पण तिच्यावर काही उभारता येते काय?

तो टॅब्लेट म्हणजे ‘आकाश’. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत त्याचे पहिले रूप प्रकाशित झाले. ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी स्मृती एवढीच त्याची पुंजी होती. पुढे २०१२ मध्ये ही जबाबदारी आयआयटी मुंबईकडे आली आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ सादर झाला. सात इंची पडदा, एक गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ५१२ एमबी स्मृती आणि अँड्रॉइड ४.० ही कार्यप्रणाली. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडत होता. त्या काळी साधा लॅपटॉप याच्या दहापट किमतीला मिळे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते.

अडचण मात्र किमतीत नव्हती. अँड्रॉइड ही मुळात फोनसाठी घडविलेली कार्यप्रणाली. तिच्यावर चालणाऱ्या आज्ञावली लिहिण्यासाठी निराळा, मोठा संगणक लागे. तेथे तयार झालेली वस्तू मग टॅब्लेटमध्ये आणावयाची. म्हणजे ज्या विद्यार्थ्याकडे संगणक नाही म्हणून त्याला टॅब्लेट द्यावयाचा, त्याच्या हाती केवळ पाहण्या-वाचण्याचे साधन पडणार. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सी, पायथन, सायलॅब यांत स्वतः आज्ञावली लिहून चालवून पाहता आली नाही, तर त्या स्वस्ताईचा उपयोग काय?

प्रा. दीपक फाटक आणि प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालील चमूने ही गाठ सोडविण्यास घेतली. इंटेलच्या प्रोसेसरसाठी सिद्ध केलेली आज्ञावली आकाशच्या एआरएम प्रोसेसरला कळत नाही. एका बँकेचे पासबुक दुसऱ्या बँकेच्या छापयंत्रात घातल्यासारखाच तो प्रकार. त्यातून अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा असला, तरी लिनक्सच्या नेहमीच्या आज्ञावली ज्या ग्रंथालयांवर विसंबून असतात ती त्यात नसतात. दिलासा एवढाच की उबंटू, पायथन आणि सीचा कंपायलर ही सारी मुक्तस्रोत साधने होती. मूळ संहिता खुली असल्याने कोणालाही ती एआरएमसाठी नव्याने सिद्ध करता येत होती आणि उबंटूच्या बाबतीत ते काम आधीच झालेले होते.

उपाय काढला तो मुंबईकराला चटकन समजावा असा. उबंटूची आवश्यक तेवढी साधने एका मोठ्या फाइलमध्ये भरून ती मेमरी कार्डावर ठेवली आणि अँड्रॉइडच्या पोटात तिला बिऱ्हाड थाटून दिले. तांत्रिक भाषेत यास ‘सीएचरूट’ म्हणतात. कार्यप्रणालीचा गाभा एकच राहतो. आतील आज्ञावलीला मात्र आपण स्वतंत्र घरात आहोत असे वाटत असते. स्वयंपाकघर घरमालकाचे आणि खोली पोटभाडेकरूची, तशी ही व्यवस्था. या पायावर ‘आकाश प्रोग्रॅमिंग लॅब’ उभी राहिली. विद्यार्थी पडद्यावर आज्ञावली लिहितो, ती आतील उबंटूकडे जाते, तेथे चालते आणि उत्तर पुन्हा अँड्रॉइडच्या पडद्यावर उमटते. मेमरी कार्डावरून थेट लिनक्सच सुरू करण्याचा दुसरा मार्गही याच चमूने सिद्ध केला.

वाणिज्य शाखेच्या वाचकाला अधिक जवळची वाटेल ती ‘ग्नूखाता’ची कथा. द्विनोंदी पद्धतीने हिशेब ठेवणारी ही मुक्त प्रणाली कृष्णकांत माने या दृष्टिहीन संगणकतज्ज्ञाच्या पुढाकारातून घडली. जर्नल नोंद, खतावणी, तेरीज, नफा-तोटा पत्रक, बँक जुळवणी हे सारे तिच्यात होते. ती पायथनमध्ये लिहिलेली आणि दोन भागांत विभागलेली : एक भाग हिशेब सांभाळणारा, दुसरा नोंद घेणारा. हीच विभागणी आकाशवर कामी आली. हिशेब सांभाळणारा भाग आतल्या उबंटूत ठेवला आणि नोंद घेणारे पडदे अँड्रॉइडसाठी नव्याने लिहिले. खिडकीवरच्या कारकुनाने पावती घ्यावी आणि आतल्या दालनातील खतावणीत ती चढावी, तसे दोघांचे बोलणे त्या एकाच यंत्रात चाले. ‘आकाश बिझनेस टूल’ या नावाने ते उपलब्ध झाले. दुकानाचे हिशेब शिकू पाहणाऱ्या मुलाला परवान्याच्या रकमेची चिंता न करता तेरीज जुळवून पाहता येणे, ही लहान गोष्ट नव्हे.

या बिऱ्हाडाचे भाडेही होते. ५१२ एमबी स्मृतीत दोघांचा संसार, त्यामुळे गती मंद. घरात घर करण्यासाठी यंत्रावर सर्वाधिकार हवा, आणि तो सामान्यतः विकत घेतलेल्या अँड्रॉइड उपकरणात ग्राहकाला मिळत नाही. पुढे आकाशची योजना मागे पडली, टॅब्लेटही जुने झाले.

मूळ संहिता मात्र खुली राहिली. वस्तू व सेवा कर आल्यावर ग्नूखातात त्यानुसार बदल झाले आणि ती संगणकावर चालत राहिली. आज ‘टर्मक्स’ नावाचे मुक्त अ‍ॅप साध्या अँड्रॉइड फोनवर, सर्वाधिकाराशिवाय, पायथन आणि सीचा कंपायलर चालविते. चारकोपमधील महाविद्यालयीन मुलाच्या खिशातील फोनची स्मृती त्या आकाशच्या कित्येक पट असते.