फळ्यांखालचं लाकूड

पनवेल-उरण पट्ट्यातल्या गव्हाण फाट्यावर आज लाकडी हौद्याचा ट्रक शोधावा लागतो. पळस्प्याकडून न्हावा-शेव्याकडे ट्रेलरमागून ट्रेलर जात असतात. त्यांना ना फळी ना फाळका. नुसता लोखंडी सांगाडा, कोपऱ्यांना ट्विस्टलॉक आणि वर कंटेनर. २६ मे १९८९ रोजी तिथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि या पट्ट्यातल्या मालवाहतुकीचं रूपच पालटलं. त्याआधी इथला माल म्हणजे भात, पेंढा, मीठ, मासळी, रेती आणि खडी. तो लाकडी हौद्यातूनच जायचा.

जुना ट्रक घेऊन त्याच्यावर नव्याने लाकडी हौदा बसवणारे हौशी लोक आता पुन्हा दिसू लागले आहेत. कुणाला तो शेतघरासमोर उभा करायचा असतो, कुणाला चित्रीकरणासाठी भाड्याने द्यायचा असतो. त्यातले बहुतेक जण पैसा रंगावर आणि बॉनेटवर घालतात. माझ्या मते ट्रकचा जीव हौद्यात असतो, आणि हौद्याचाही वरच्या फळ्यांत नसून त्यांच्याखाली जे कुणाला दिसत नाही त्या लाकडात असतो.

मुंबई परिसराला मोटारी बांधण्याची विद्या नवी नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला शेवरोले गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे डॉज आणि फार्गो ट्रक पुढे कुर्ल्यातून निघाले. १९५४ पासून जमशेदपुरात टेल्कोचे टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. डाइमलर-बेंझशी असलेला करार १९६९ साली संपला, तरी कितीतरी ड्रायव्हरांच्या तोंडी ‘मर्सिडीज’ हेच नाव राहिलं.

या ट्रकांची एक गोष्ट आजच्या ग्राहकाला नवल वाटावी अशी. कारखान्यातून मिळायची ती फक्त चेसिस. पुढे इंजिन, बॉनेट आणि काउल, मागे दोन लांब लोखंडी पट्ट्या, बस्स. केबिन आणि हौदा मालकाने आपल्या खर्चाने आणि आपल्या मिस्त्रीकडून बांधून घ्यायचा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली एसटीची पहिली बससुद्धा बेडफर्डच्या चेसिसवरची, लाकडी बॉडीची होती. म्हणजे देशातल्या मोटारधंद्याचा अर्धा भार गावोगावच्या सुतारांनी उचलला होता, आणि मोटारींच्या इतिहासात त्यांचं नाव कुठेच नाही. बैलगाडीचा साटा बांधणाऱ्यांनीच वाकस, पटाशी आणि गिरमिट घेऊन ट्रकचे हौदे बांधायला घेतले. साग परवडला तर साग, नाहीतर ऐन, किंजळ, बाभूळ. कोकणातल्या होड्यांनाही यातलंच लाकूड लागायचं, त्यामुळे खाऱ्या हवेत कुठलं टिकतं हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नव्हतं.

आता मुख्य काम. ट्रकची चेसिस दिसायला ताठ, पण ती मुद्दाम पिळवटण्यासाठीच बनवलेली असते. खड्ड्यात पुढचं डावं चाक गेलं आणि मागचं उजवं उंचवट्यावर चढलं की दोन्ही पट्ट्या उलट दिशांना वळतात, म्हणून चारही चाकं जमिनीला धरून राहतात. तिच्यावर ताठ हौदा जखडला तर एकतर हौद्याचे सांधे उकलतील, नाहीतर चेसिसला तडा जाईल. लाकूड इथे जिंकतं ते दोन घरांत ये-जा असलेल्या सुनेसारखं, दोन्हीकडचं थोडं थोडं सोसून.

चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर आधी लांबीभर एकेक तुळई बसते. तिचं पुढचं टोक खालच्या अंगाने तासून निमुळतं करतात. ते चौकोनी ठेवलं तर सगळा ताण केबिनमागच्या एकाच रेषेवर येतो, आणि जुन्या चेसिसला चीर पडलेली दिसते ती बहुधा तिथेच. लांब तुळयांवर आडव्या तुळया, साधारण हात-दीड हात अंतराने, आणि त्यांच्यावर लांबीच्या दिशेने फळ्या. फळ्या आडव्या टाकल्या की पेटी सरकवताना प्रत्येक सांध्याला अडते. फळ्यांमध्ये बारीक फट ठेवावीच लागते, कारण आषाढात लाकूड फुगतं आणि जागा नसली की कमान करून वर उठतं. बोल्टची डोकी फळीत बुडवायची, कडेला लोखंडी अँगल, खाली दोर अडकवायला हूक. मागच्या चाकावर मात्र पाटे पूर्ण दबल्यावरही टायर घासणार नाही एवढी मोकळी उंची हवी. रिकाम्या गाडीवर माप घेणारा इथेच फसतो.

तुळई चेसिसला बांधतात ती यू-बोल्टने. पट्टीच्या वरच्या-खालच्या कडेला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर नाहीच, कारण पट्टीची ताकद त्या कडांतच असते. चेसिसची पट्टी इंग्रजी ‘सी’च्या आकाराची. यू-बोल्ट आवळला की तिचे दोन्ही ओठ आत वाकू पाहतात. म्हणून मिस्त्री त्या पोकळीत कठीण लाकडाचा मापाचा ठोकळा ठोकून बसवतो आणि मगच नट फिरवतो. सायलेन्सर जवळून जात असेल तर लाकडाऐवजी लोखंडी तुकडा, आणि ब्रेकची नळी बोल्टखाली चिरडत नाही ना हे बोटाने चाचपून पाहायचं. चांगला मिस्त्री गाडी हातात देतानाच बजावतो : थोडी चालवून परत आणा. भाराखाली लाकूड बसतं, सुकतं आणि बोल्ट सैल पडतात. जो मालक पुन्हा आवळायला येत नाही, त्याचा हौदा पहिल्याच घाटात बोलायला लागतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागच्या चाकामागे लोंबणारा भाग चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. म्हणजे हे अंतर १४ फूट असेल तर तो ८.४ फुटांच्या आतच. जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली ‘विंटेज’चे वेगळे नियम आले. पन्नास वर्षांवरच्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची खास नोंदणी मिळाली. मालवाहू ट्रक त्या मानात बसत नाही. राजेरजवाड्यांची मोटार वारसा ठरली आणि त्यांच्या वाड्यांचे दगड वाहणारा ट्रक भंगार, हा हिशेब मला पटत नाही.

लाकूड मालवाहतुकीतून हद्दपार झालं, असं मात्र म्हणता येणार नाही. फाट्यावरून जाणाऱ्या पोलादी कंटेनरचं दार उघडून पाहा. जमीन लाकडाची असते, बहुधा २८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची. चाचणीत तिच्यावरून ७,२६० किलोंचा धुरा-भार फिरवतात. कुजलेला तुकडा कापून काढायचा, खालच्या पोलादी आडव्यांवर नवा बसवायचा आणि स्क्रू पृष्ठभागाखाली बुडवायचे. कंटेनर दुरुस्तीच्या यार्डांत हे काम चालतं आणि ते करणाऱ्या माणसाला फळीची फट, फुगवटा आणि सांधा यांचंच गणित सोडवावं लागतं.